पंधरा दिवसांत पुरावा कसा मांडायचा? पोषणाच्या निर्णयासाठी जलद आढावा, सोलापूरच्या उदाहरणासह

अंदाजपत्रकाचे दिवस आले, की जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात एक टिपणी फिरू लागते: सेस फंडातून, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, अंगणवाडीतल्या मुलांना यंदा जास्तीचे काय द्यायचे? कोणी अंडी सुचवते, कोणी शेंगदाणा-गुळाचे लाडू, कोणी दूध पावडर. सोलापुरात शेंगा घरच्या, त्यामुळे लाडवाच्या बाजूने बोलणारे पुष्कळ. प्रत्येकाकडे एखादी बातमी, मोबाइलवर आलेला आलेख नाहीतर कार्यशाळेत ऐकलेला आकडा असतो. निर्णय मात्र पंधरा-वीस दिवसांत व्हायचा असतो. एवढ्या वेळात उपलब्ध संशोधन शिस्तीने शोधून, पारखून, निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर ठेवणे म्हणजे जलद पुरावा-आढावा.

संपूर्ण पद्धतशीर आढाव्याला, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे संशोधन शोधून पारखण्याला, वर्ष सहज लागते, अनेकदा जास्तच. जलद आढावा काही आठवड्यांपासून काही महिन्यांत संपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये आरोग्य धोरणांसाठी अशा आढाव्यांची मार्गदर्शिका काढली. आरोग्यविषयक संशोधनाचे आढावे करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय जाळ्याचा एक स्वतंत्र गट त्यांच्या पद्धतीवर काम करतो आणि त्याच्या सूचना खुल्या आहेत. म्हणजे ही पळवाट नाही, तिला नियम आहेत. पहिला नियम मी असा सांगेन: वेळ वाचवायचा तो प्रश्न लहान करून. पारख ढिली करून वाचवलेला वेळ पुढे मुलांच्या ताटातून वसूल होतो.

हा लेख लिहिताना माझ्यासमोर आहेत वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागातले पदव्युत्तर विद्यार्थी, गृहविज्ञान आणि समाजकार्याच्या प्राध्यापिका, संस्थांचे कार्यकर्ते आणि स्वतः बालविकास प्रकल्प अधिकारी. दोन माणसे, इंटरनेट आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हे काम होते.

आधी निर्णय विचारा, मग विषय

“अंगणवाडीतील पोषणावर काही संशोधन असेल तर द्या” अशी मागणी आली तर काम सुरू करू नका. ज्यांना निर्णय घ्यायचा आहे त्यांच्यासमोर अर्धा तास बसा आणि विचारा: टेबलावर पर्याय किती आणि कोणते? पैसे कोणत्या लेखाशीर्षातून, किती महिन्यांसाठी? फाइल कोणत्या तारखेला समितीपुढे जाणार? शेवटचा प्रश्न जरा अवघड आहे, पण सोडू नका: उत्तर ‘नाही’ आले तर तुम्ही काय बदलाल?

शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नसेल, तर निर्णय आधीच झालेला आहे. मग “द्यावे का” याचा आढावा करून कोणाचाच फायदा नाही. तेव्हा विषय बदलून घ्या. “लाडू ठरलाच आहे, तर तो सुरक्षित आणि नियमित कसा पोहोचेल” यावरही संशोधन असते आणि तो आढावा खरोखर कामी येतो.

प्रश्नाचे चार भाग

कोणाला, काय, कशाच्या तुलनेत आणि त्यातून काय बदलावे अशी अपेक्षा आहे, हे चार तुकडे कागदावर वेगवेगळे लिहा. आपल्या उदाहरणात:

कोणाला: अंगणवाडीत बसणारी ३ ते ६ वर्षांची मुले.
काय: आठवड्यातून ठरावीक दिवस उकडलेले अंडे.
तुलना: तितक्याच खर्चाचा शेंगदाणा-गूळ लाडू.
काय बदलावे: वजन, वयानुसार उंची, हिमोग्लोबिन, हजेरी.

यातला तिसरा तुकडा बहुतेक जण गाळतात. अंडे आणि रिकामे पोट अशी ही तुलना नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार या वयाच्या मुलांना अंगणवाडीतून रोज ठरावीक किलोकॅलरी आणि प्रथिने देणे आधीच बंधनकारक आहे (मूळ कायद्यात ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने होती, ही मानके २०२३ मध्ये सुधारली गेली). त्यावर आणखी काय मिळेल, हा आपला प्रश्न. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते उघडले, तर शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २४ ग्रॅमच्या आसपास प्रथिने दिसतात. म्हणजे २५ ग्रॅम शेंगदाण्यात सहा ग्रॅम, आणि मध्यम आकाराच्या एका अंड्यातही साधारण तेवढीच. नुसत्या ग्रॅमवर दोघे बरोबरीत सुटतात. फरक पडतो तो प्रथिनांच्या दर्जात आणि ब-१२ जीवनसत्त्वात. ब-१२ अंड्यात असते, शेंगदाण्यात नसते. म्हणून ‘काय बदलावे’ या रकान्यात ब-१२ ची पातळी घालायची की नाही, हे आधीच ठरवा. कोणते परिणाम मोजायचे ते शोध सुरू होण्यापूर्वी ठरले नाही, तर हाती लागलेला सोयीचा परिणाम पुढे सरकवण्याचा मोह होतो.

परिणाम चार-पाचच ठेवा आणि त्यात एक अपायाचा असू द्या. शेंगदाण्याच्या बाबतीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे दमट साठवणीत वाढणाऱ्या बुरशीचे विष, हा मुद्दा टाळताच येणार नाही. लहान मुलांच्या घशात अख्खा दाणा अडकण्याचा धोकाही त्यातच लिहा. कूट करून वळलेल्या लाडवात तो बराच कमी होतो.

एका पानाचा आराखडा

शोध सुरू करण्याआधी एक पान लिहा: प्रश्न, कोणते अभ्यास घेणार, कोणते सोडणार, कुठे शोधणार, कोण काय करणार, कोणती काटछाट करणार. तारीख टाका आणि अधिकाऱ्यांची सही घ्या. सही महत्त्वाची आहे. आठवड्याने कोणी म्हणाले, “गरोदर मातांचेही बघा ना जरा,” तर हे पान पुढे करता येते.

काटछाट कशात करता येते? भाषा मराठी-इंग्रजीपुरती ठेवता येते, जुन्या वर्षांची मर्यादा घालता येते, माहितीकोश, म्हणजे संशोधन लेखांचे ऑनलाइन संग्रह, दोन-तीनच घेता येतात. निवडीचे काम दोघांनी पूर्णपणे दोनदा करण्याऐवजी कॉक्रेनच्या गटाने सुचवलेली पद्धत वापरा: सापडलेल्या लेखांपैकी किमान २० टक्क्यांचे सारांश दोघांनी मिळून तपासायचे, मतभेद मिटवायचे, उरलेले एकाने पाहायचे आणि त्याने वगळलेले सगळे दुसऱ्याने पुन्हा चाळायचे. चुकून फेकला गेलेला अभ्यास परत सापडतो तो इथेच.

गुणवत्तेची पारख मात्र काटछाटीत बसत नाही. ती गेली तर हातात उरते ती नुसती यादी.

शोध: उलट्या टोकाकडून सुरुवात

पहिल्या दिवशी एकेका प्रयोगाच्या मागे लागू नका. या प्रश्नावर कोणी पद्धतशीर आढावा आधीच केला आहे का, ते कॉक्रेन लायब्ररी, एपिस्टेमोनिकॉस आणि पबमेड या माहितीकोशांत पाहा. जागतिक आरोग्य संघटनेचा पोषण-उपायांचा ई-लेना हा खुला संग्रहही उघडा. चांगला आढावा मिळाला तर त्याच्या शोधाची शेवटची तारीख टिपा आणि त्यानंतरचेच प्रयोग शोधा. निम्मे काम तिथेच संपते.

तयार आढावा किती उपयोगी पडतो याचे उदाहरण तांदळाचे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून पोषणमूल्यवर्धित, म्हणजे लोहासारखे घटक मिसळलेला, तांदूळ देण्याची घोषणा केली. त्याआधी, २०१९ मध्येच, या विषयावरचा कॉक्रेन आढावा आला होता. अशा तांदळाने रक्तक्षयाच्या धोक्यात फारसा फरक पडत नसावा, असा त्याचा निष्कर्ष होता. निर्णय कोणताही असो, ही ओळ टिपणीत असायलाच हवी.

मग शब्द. इथे सोलापूरकराला एक सावधगिरी सांगतो. शेंगदाण्याला इंग्रजी लेखांत कुठे ‘ग्राउंडनट’ म्हणतात, कुठे ‘पीनट’. एकच शब्द टाकला तर मोठा भाग हातातून निसटतो. ज्वारीसाठी ‘सोरघम’, ‘जोवार’ आणि ‘ग्रेट मिलेट’ हे तिन्ही टाका. बाजरीसाठी ‘पर्ल मिलेट’ आणि ‘बाजरा’. पर्यायी शब्दांमध्ये ‘ऑर’, प्रश्नाच्या निरनिराळ्या भागांमध्ये ‘अँड’. टाकलेली ओळ आणि तारीख जशीच्या तशी वहीत उतरवा, कारण “तुम्ही शोधले तरी काय?” हा प्रश्न हमखास येतो.

शेंगदाण्याच्या शोधात एक फसगत ठरलेली आहे. तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारासाठी शेंगदाणा-दुधाची जी घट्ट पेस्ट वापरतात तिच्यावरचे लेख ढिगाने येतील. ती पेस्ट म्हणजे उपचार. तिच्यात दूध पावडर, तेल आणि जीवनसत्त्वांचे मिश्रण असते. त्या अभ्यासांचे श्रेय आपल्या लाडवाला देता येत नाही.

भारतातले काम पबमेडमध्ये पूर्ण सापडत नाही. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर पाहा, भारतीय वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, चालू आणि संपलेल्या चाचण्या पाहा. पैशाच्या भिंतीआडचे लेख लागले तर जवळच्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना भेटा. २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. तिथेही नसेल तर लेखकाला दोन ओळींची मेल टाका. संशोधक आनंदाने लेख पाठवतात.

दोन अंड्यांच्या चाचण्या, जवळून

निवडलेल्या प्रत्येक अभ्यासाची एक आडवी ओळ करा: कुठे, केव्हा, किती मुले, वय, काय दिले, किती दिवस, तुलना कशाशी, काय मोजले, किती फरक, पैसा कोणाचा. हा तक्ता भरतानाच खरी समज येते. उदाहरणासाठी अंड्यांच्या दोन गाजलेल्या चाचण्या शेजारी ठेवू.

पहिली इक्वाडोरमधली, ‘लुलुन’ नावाची, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा ते नऊ महिन्यांच्या १६३ बाळांपैकी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या निम्म्यांना सहा महिने रोज एक अंडे दिले. वयानुसार उंचीचा निर्देशांक, म्हणजे त्या वयाच्या प्रमाण उंचीपासूनच्या अंतराचे माप, ०.६३ ने वाढला आणि खुजेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने फार कमी उंचीचे, प्रमाण ४७ टक्क्यांनी घटले. पोषणाच्या चाचण्यांत एवढा मोठा परिणाम क्वचित दिसतो, म्हणून हा आकडा जगभर फिरला.

दुसरी मलावीतली, ‘माझिरा’, २०१९ ची. वय तेच, कालावधी तोच, रोज एक अंडे, आणि मुले ६६०. उंचीवर एकूणात परिणाम दिसला नाही.

आता कोणती खरी? दोन्ही. तक्त्याच्या पुढच्या रकान्यांत कारणे आहेत. इक्वाडोरच्या त्या भागात सुरुवातीलाच ३८ टक्के मुले खुजी होती. मलावीच्या त्या गावांत १४ टक्क्यांच्या आसपास. मलावीतली गावे मोठ्या सरोवराकाठची, त्यामुळे तुलनेच्या गटातल्या बाळांच्या पोटातही मासे जात होते. शिवाय लुलुनमध्ये अंड्यांबरोबर गावात प्रचार-मोहीमही चालली होती. आणि एक गोष्ट बातम्यांत कधीच येत नाही: लुलुनमधल्या मुलांना दोन वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा उंचीतला तो फायदा उरलेला नव्हता.

सोलापूरसाठी यातून काय घ्यायचे? आपल्याकडे बाळाच्या ताटात रोज मासे नाहीत, म्हणजे या बाबतीत आपण मलावीपेक्षा इक्वाडोरच्या जवळ. पण दोन्ही चाचण्यांतली मुले दीड वर्षाच्या आतली होती, आणि आपला प्रश्न ३ ते ६ वर्षांचा. खुजेपणा मुख्यतः पहिल्या दोन वर्षांत घडतो. म्हणजे अंडे उंचीसाठी द्यायचे असेल, तर आपण वयोगटच उशिराचा निवडला आहे. हे उत्तर अंडे की लाडू या वादापेक्षा मोलाचे आहे आणि ते अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे: उंची हा हेतू असेल तर पैसा घरपोच आहार घेणाऱ्या लहान बाळांकडे वळवण्याचा विचार करा, अंगणवाडीतल्या मुलांची हजेरी, पोटभर जेवण आणि ब-१२ हा हेतू असेल तर प्रश्न तसा मांडा.

पारख

तयार आढाव्यांसाठी ‘अ‍ॅमस्टार २’ ही १६ प्रश्नांची तपासणी-यादी आहे. प्रत्यक्ष प्रयोगांसाठी पक्षपाताची तपासणी वेगळी: वाटप खरोखर चिठ्ठीने झाले का, मुले मध्येच किती गळाली, मोजणाऱ्याला गट माहीत होता का. अंडे लपवता येत नाही, त्यामुळे आईला गट माहीत असतोच. म्हणून उंची मोजणारा माणूस वेगळा होता का, हे आवर्जून पाहा.

परदेशी प्रयोग आणि जवळचा साधा अभ्यास यांत कोणाला वजन द्यायचे, हा प्रश्न नेहमी अडवतो. कर्नाटकने डिसेंबर २०२१ मध्ये राज्याच्या ईशान्येकडच्या कल्याण कर्नाटकातल्या आणि लगतच्या जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडे सुरू केले. त्यात विजयपूर आणि कलबुर्गी हे आपल्या सीमेला लागलेले जिल्हे होते. यादगीरच्या मुलांची तुलना अंडे न मिळणाऱ्या गदगच्या मुलांशी केली गेली आणि यादगीरच्या मुलांचे वजन जास्त वाढल्याचे दिसले. ज्वारी-तुरीचा तोच पट्टा, म्हणून हा अभ्यास आपल्याला भावतो. पण चिठ्ठीने वाटप नव्हते, आणि दोन जिल्ह्यांत अंड्याखेरीज आणखी किती गोष्टी वेगळ्या असतील! त्यामुळे परिणाम किती, हे विचारताना याला कमी वजन. आपल्या भागातल्या शाळांत अंडी पोहोचतात का, मुले खातात का, हे विचारताना भरपूर वजन. एकच अभ्यास एका प्रश्नाला कच्चा आणि दुसऱ्याला पक्का असू शकतो.

दोन्ही बाजूंनी चांगले उदाहरण नगर जिल्ह्यातले आहे. तिथल्या निवासी शाळांतल्या २४६ किशोरवयीन मुलामुलींना सहा महिने जास्त लोहाच्या बाजरीची नाहीतर साध्या बाजरीची भाकरी दिली. वाटप चिठ्ठीने, अन्न आपलेच. जास्त लोहाच्या बाजरीने शरीरातला लोहाचा साठा सुधारला. हा प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाजरीच्या भाकरीबद्दल काही ठरवायचे असेल, तर सोलापूरच्या टिपणीत तो पहिला हवा.

आपल्या जिल्ह्याचे आकडे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले खुजी, २५.६ टक्के रोड (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आढळली. सोलापूरचे जिल्हा पत्रकही मिळते. ते घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. महाराष्ट्रातली पाहणी २०१९ मध्ये, कोविडच्या आधी झाली. आणि जिल्ह्याचा नमुना लहान असतो, म्हणून एक-दोन टक्क्यांच्या फरकावर वाद घालू नका.

रक्तक्षयाच्या आकड्याला आणखी जपून हात लावा. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत बोटातून घेतलेल्या रक्तावर देशातली ५८.६ टक्के मुले रक्तक्षयग्रस्त आली. जवळपास त्याच काळात, २०१६-१८ च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात, शिरेतून घेतलेल्या रक्तावर १ ते ४ वर्षांच्या मुलांत हेच प्रमाण सुमारे ४१ टक्के निघाले. वयोगट थोडा वेगळा आहे, पण एवढ्या मोठ्या तफावतीत मोजण्याच्या पद्धतीचा वाटा मोठा मानला जातो. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांखालच्या बाळांसाठी रक्तक्षय ठरवणारी हिमोग्लोबिनची सीमा डेसिलीटरमागे ११ वरून १०.५ ग्रॅमवर आणली. म्हणून जुने-नवे आकडे एका आलेखात जोडण्याआधी तळटीप वाचा.

पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अ‍ॅपवरची माहिती ताजी असते, पण वजन-उंची घेण्याचे काट्याचे आणि पट्टीचे प्रश्न सेविकांनाच विचारा. एखादी दुपार मंगळवेढा किंवा करमाळ्याकडच्या अंगणवाड्यांत आणि एक शहराच्या पूर्व भागातल्या विडी कामगारांच्या वस्तीत घालवा. ऊसतोडीच्या हंगामात कोणाची मुले गावात नसतात, अंडी कोण आणणार, उकडायला गॅस पुरतो का, कोणत्या घरांत अंडे चालत नाही, हे कोणत्याही माहितीकोशात नाही. पंढरपूरच्या वारकरी घरांचा प्रश्न पुराव्याने सुटत नाही. त्याला पर्याय लागतो. राज्याने २०२३ च्या अखेरीस शाळांत अंडी सुरू केली तेव्हा न खाणाऱ्यांसाठी केळे किंवा स्थानिक फळ ठेवले होते. २०२५ च्या सुरुवातीला या अंड्यांचा निधी थांबवला गेला. पैसा टिकेल का, हा प्रश्नही आढाव्यात एका परिच्छेदाचा हक्कदार आहे.

टिपणी कशी लिहावी

एक पान मुख्य मुद्दे, तीन पाने सारांश, उरलेले सगळे त्यामागे. पहिले पान मराठीत, आणि त्यावर पद्धतीचा एक शब्दही नको. खात्रीचे चार स्तर ठरवून तेच शब्द सगळीकडे वापरा: खात्री भक्कम असेल तर ‘होते’, मध्यम असेल तर ‘बहुधा होते’, कमी असेल तर ‘होऊ शकते’, फारच कमी असेल तर ‘सांगता येत नाही’. वरच्या दोन चाचण्यांपुरती ओळ लिहायची तर अशी होईल:

“सहा ते पंधरा महिन्यांच्या मुलांना रोज एक अंडे दिल्यास उंची वाढू शकते, एका चाचणीत मोठा परिणाम दिसला, पण दोन वर्षांनी तो टिकला नव्हता, दुसरीत दिसला नाही. ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या उंचीबद्दल या चाचण्यांवरून सांगता येत नाही.”

“अंड्याने खुजेपणा निम्म्यावर” असे लिहिले तर टाळ्या मिळतील, पण ते लिहू नका. तुमच्या ओळीवर पुढे कोणाच्या तरी मुलांचे जेवण ठरणार आहे.

काटछाटीसाठी एक चौकट ठेवा: कोणते माहितीकोश पाहिले नाहीत, कोणती वर्षे सोडली, काय एकाच माणसाने तपासले. आढावा करणाऱ्यांचे हितसंबंधही तिथेच लिहा. बचत गटाला लाडवाचे काम मिळवून देणारी संस्था आढाव्यात असेल तर ते वाचणाऱ्याला कळले पाहिजे. शिफारस करायची की फक्त पुरावा मांडायचा, हे आराखड्यातच ठरलेले असते. माझे मत असे, की पर्याय आणि त्यांचे परिणाम आपण मांडावेत, निवड समितीने करावी.

टिपणी देण्याआधी ती विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला आणि एका पर्यवेक्षिकेला वाचायला द्या. दोघांपैकी कोणी अडखळले तर ती ओळ बदला. मग पहिल्या पानाच्या तळाशी शोधाची शेवटची तारीख आणि पुन्हा पाहण्याचा महिना टाका, शोधाच्या ओळी, वगळलेल्या अभ्यासांची यादी आणि तक्ता एका फोल्डरमध्ये ठेवून त्याची प्रत विभागाकडे द्या. अधिकाऱ्यांची बदली झाली तरी पुढच्या वर्षी जो कोणी हे काम हाती घेईल, त्याला नव्या चाचण्या तेवढ्या शोधाव्या लागतील.